तळहातावरचं घर

मांडववाला ठरायच्या आधी, आचारी ठरायच्या आधी, पद्मजा चौगुलेनं लेकीच्या लग्नात दारावर आरोग्यपत्रं तपासायला बाई ठरवली. विट्याच्या शाळेत मुख्याध्यापिका असल्यामुळे रांग, हजेरी आणि नियम यांवर तिचा फार विश्वास होता. या लग्नात तर नियमांवाचून गत्यंतरच नव्हतं.

पूर्वी पत्रिकेच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नये' असं छापायची पद्धत होती. दमतापाची साथ येऊन गेली आणि त्या ओळीची जागा 'आरोग्यपत्र सोबत आणावे' या ओळीनं घेतली. आहेराच्या ओळीला लोक जेवढं जुमानत, तेवढंच या ओळीलाही जुमानत. कुणी शेजाऱ्याचं पत्र घेऊन यायचं, कुणी मागच्या वर्षीचं. म्हणून मग दारावर तपासनीस बसवायची रीत पडली, आणि लग्नसराईत चांगल्या तपासनिसाची तारीख मिळणं बँडवाल्याच्या तारखेपेक्षा अवघड होऊन बसलं.

मिरजेची नसीम मुजावर ही त्यातली नावाजलेली. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, चाळिशीच्या आतली, बोलायला गोड आणि दारावर बसली की कुणाच्या बापाला न भिणारी. एका आमदाराच्या मेव्हण्याला तिनं भर पंगतीतून उठवलं होतं म्हणे. पद्मजाला ती ऐकूनच पसंत पडली.

मंगल कार्यालयाच्या ऑफिसात भेट झाली तेव्हा पद्मजानं एकच अट घातली. "कुणालाही सोडायचं नाही. उद्या मी स्वतः येऊन म्हटलं, याला जाऊ द्या, तरी नाही."

"सगळे असंच म्हणतात, मॅडम," नसीम हसून म्हणाली. "मग त्यांचा मामा येतो."

"हिला मामा नाही," पद्मजा म्हणाली आणि तिनं शेजारी बसलेल्या स्वानंदीकडे पाहिलं.

अट कडक असायला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी स्वानंदीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि तिच्या पोटात नवं मूत्रपिंड बसवलं गेलं. ते माणसाचं नव्हतं. जनुकं बदललेल्या डुकराच्या अंगात मुद्दाम वाढवलेलं होतं. हे तंत्र तेव्हा नवं होतं. अशा मूत्रपिंडाला शरीरानं परकं समजून हुसकावून लावू नये, म्हणून शरीराचे पहारेकरी औषधांनी कायमचे गुंगीत ठेवावे लागतात. आणि पहारेकरीच गुंगीत म्हटल्यावर दारातून कोण आत येतं याच्यावर दुसऱ्या कुणाची तरी नजर हवी.

नसीमनं टेबलावर यंत्र ठेवलं. पोळपाटाएवढी काळी काच, बाजूला छोटा पडदा. माणसाच्या तळहातावर कोट्यवधी सूक्ष्मजीव वस्तीला असतात आणि प्रत्येकाच्या हातावरची त्यांची सरमिसळ निराळी असते. एका घरात राहणाऱ्यांची मात्र हळूहळू सारखी होत जाते. तीच दाराची कडी, तोच टॉवेल, तीच पीठ मळायची परात. घरातली माणसं दिवसभर नकळत एकमेकांना हे जीव वाटत असतात. काचेवरचं रंगद्रव्य या जिवांना चिकटून प्रकाशात चकाकायचं, आणि त्या चकाकण्यावरून यंत्र तीन गोष्टी सांगायचं. दमतापाचा जंतू आहे का, पत्र याच माणसाचं आहे का आणि हा माणूस कुणाच्या घरातला.

स्वानंदीसारख्यांसाठी ही तिसरी गोष्ट मोलाची होती. रोजच्या सहवासातले जीव तिच्या शरीराच्या अंगवळणी पडलेले असतात, धोका असतो नवख्यांचा. म्हणून अशा नवरीच्या लग्नात दोन रंगांच्या पट्ट्या देत. पत्र स्वच्छ असलेल्या पाहुण्याला पिवळी. त्यानं खुर्चीवर बसायचं आणि लांबून अक्षता टाकायच्या. सहवासातल्याला हिरवी, तोच स्टेजवर जाणार आणि तोच नवरीला हात लावणार.

"घरच्यांचे हात आजच बघून घेऊ," नसीम म्हणाली.

तिनं आधी स्वानंदीचा हात यंत्रात नोंदवून घेतला, मग सौमित्रनं हात ठेवला. सौमित्र म्हणजे इचलकरंजीचा होणारा जावई. साखरपुड्यापासून हे दोघं फक्त रविवारी कॉफी प्यायला भेटतात अशी दोन्ही घरांची समजूत होती. यंत्रानं त्याला पहिल्या झटक्यात हिरवा ठरवला. सगळ्यांनी काही वेळ भिंतीवरच्या दरपत्रकाचा अभ्यास केला.

मग पद्मजानं हात ठेवला. पडदा पिवळा झाला.

"यंत्र बिघडलंय," पद्मजा म्हणाली. नसीमनं काच पुसून पुन्हा हात ठेवायला लावला. पुन्हा पिवळा. तिनं जरा अवघडूनच विचारलं की तुम्ही मायलेकी एका घरात राहत नाही का. उत्तर स्वानंदीनं दिलं. ती म्हणाली, "मी इथं मिरजेत आत्याकडे असते. डायलिसिस सुरू झालं तेव्हापासून." आणि मग आईकडे न बघता ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

पद्मजाचा चेहरा पडला. जिला नऊ महिने पोटात वाढवलं, तिच्याच लग्नात आपण पिवळी पट्टी बांधून खुर्चीवर बसायचं आणि लांबून तांदूळ उडवायचे. आणि अटही तिनंच घातली होती.

सुचेता ही स्वानंदीच्या वडिलांची थोरली बहीण. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. सुचेतानं लग्न केलं नव्हतं. मिरजेच्या दवाखान्यांच्या गल्लीत ती पेशंटच्या नातेवाइकांसाठी खानावळ चालवायची. स्वानंदीचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा ती आत्याकडे राहायला आली. डॉक्टरांनी नव्या मूत्रपिंडाचं सुचवलं, त्यावर पद्मजानं साफ नकार दिला. असले प्रयोग माझ्या मुलीवर नकोत, माणसाचं मूत्रपिंड मिळेपर्यंत थांबू, असं तिचं म्हणणं होतं. आणि एका सकाळी तिला फोन आला तो थेट ऑपरेशन झाल्याचा. स्वानंदी वाचली, सावरली, गालावर रंग आला. पण पद्मजाच्या मनातून सुचेता उतरली ती उतरलीच. त्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही, असं ती चारचौघांत बोलून बसली होती. तेव्हापासून ती मिरजेला यायची, मुलीला बागेत किंवा हॉटेलात भेटायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायची.

नसीमनं हे सगळं विचारलं नाही, पण तिला अंदाज आला असावा. लग्नाला अजून तीनेक आठवडे आहेत, असं ती म्हणाली. "हाताला हात लागला की हात शिकतो, मॅडम. आत्याबाईंच्या घरी राहायला जा. आणि तिथं पाहुणीसारखं राहू नका, त्याचा उपयोग होणार नाही."

दोन दिवस पद्मजानं धुसफुस केली. तिसऱ्या दिवशी रजेचा अर्ज टाकला आणि बॅग घेऊन सुचेताच्या दारात उभी राहिली. सुचेतानं दार उघडलं, बॅगेकडे पाहिलं आणि म्हणाली, "चहा ठेवते." एवढ्यावर दोन वर्षांच्या अबोल्याचा निकाल लागला. निदान सुचेताच्या बाजूनं तरी.

सुचेतानं हे काम म्हणून अंगावर घेतलं. स्वतःचा टॉवेल पद्मजाच्या हातात दिला. स्वानंदीची आणि पद्मजाची उशी रोज बदलायला लागली. खानावळीत भाकऱ्या थापायला तिला ओट्यापाशी उभं केलं आणि शेजारी स्वानंदीला. शाळेत नववीच्या वर्गाला धाकात ठेवणाऱ्या पद्मजाची भाकरी परातीतून तव्यापर्यंत अखंड पोचायची नाही. सुचेता काही बोलायची नाही, फक्त तुकडे गोळा करून पुन्हा पिठात घालायची. हे न बोलणं पद्मजाला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं. पहिल्या आठवड्यात नसीम हात बघून गेली. पडदा पिवळाच, पण जरा हिरवट झाक आली होती. स्वानंदीला इतका आनंद झाला की तिनं आईच्या तळहाताचा फोटो काढला.

एका दुपारी डबे रवाना झाल्यावर दोघी परात घासत होत्या. स्वानंदी आत झोपली होती. पद्मजानं खाली बघतच विचारलं, "ताई, त्या दिवशी मला फोन का नाही केलात? आई आहे मी तिची."

सुचेतानं परात उपडी घातली. मग म्हणाली, "ऑपरेशनच्या कागदावरची सही तिची हाय पद्मजा, माझी न्हवं. मी नुसती शेजारी बसलेली. फोन करायला उठले, तर तिनं हात धरला. म्हणाली, आत्या, आईला विचारू नको. आई रडेल, आणि आई रडली की मी नको म्हणून बसेन. मला जगायचंय."

पद्मजानं नळ बंद केला. इतके दिवस तिला वाटत होतं की आपला राग नणंदेवर आहे. खरं तर मुलीनं त्या घडीला आपल्याला जवळ बोलावलं नाही, हे तिला सोसत नव्हतं. आणि का बोलावलं नाही हे आता कळल्यावर राग ठेवायला जागाच उरली नाही. ती ओट्याला टेकून रडली. सुचेता म्हणाली, "रडायलीस कशाला? वाचली न्हवं पोरगी?" आणि ओल्याच हातानं तिनं पद्मजाचं तोंड पुसलं. त्या आठवड्याअखेर नसीमच्या पडद्यावर स्वच्छ हिरवा रंग आला.

कामं वाटली गेली. वडील नसल्यामुळे कन्यादान पद्मजा करणार होती. गुरुजींनी आधी घसा खाकरला, मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून विषय बदलला. अंतरपाट धरला की नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. मामा नाही, तर त्या जागी आत्या उभी राहील, असं स्वानंदीनंच जाहीर करून टाकलं. सुचेता 'बघू' म्हणाली, पण त्या संध्याकाळी तिनं पेटीतली ठेवणीतली साडी काढून इस्त्रीला दिली.

राहता राहिली हळद. नसीमनं बजावून सांगितलं होतं की हळद लावताना हिरवीवाल्यांनी हातमोजे घालायचे. हळद काचेवरच्या प्रकाशात स्वतःच एवढी चकाकते की यंत्राला दुसरं काही दिसत नाही, आणि ती घालवायला हात खसाखसा घासले, तर हळदीबरोबर हातावरची सगळी वस्तीही उठून जाते. मोज्यांचं खोकं पाटावरच ठेवलं होतं. पद्मजानं मोजे घातले, आंब्याच्या पानानं मुलीच्या गालाला हळद लावली. सुचेतानंही घातले. तिनं स्वानंदीचे पाय हातात घेतले, क्षणभर थांबली आणि दोन्ही मोजे ओढून काढले.

"ऑपरेशननंतर हिला मी मोजे घालूनच हात लावत होते," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "आज काय ही पेशंट हाय?" आणि उघड्या हातांनी तिनं भाचीच्या पायांना, हातांना, गळ्याला पोटभर हळद लावली. पद्मजाला दिसत होतं, पण तिला थांबवायचं तिच्या जिवावर आलं. हळद उतरल्यावर आपण काय करून बसलो हे सुचेताच्या ध्यानात आलं. तेव्हा तिनं पिवळेपणा जावा म्हणून लिंबू आणि साबण घेऊन हात लाल होईपर्यंत घासले. याहून वाईट काही करता आलं नसतं.

लग्नाच्या सकाळी नसीम दारात टेबल टाकून बसली. सुचेता पहाटेपासून फाटकात होती. विट्याचे आले, जतचे आले, इचलकरंजीची बस आली. कुणाच्या हातातली बॅग घेतली, कुणाचा हात हातात घेतला, कुणाचं पोर कडेवर. ते आवरून तिनं काचेवर हात ठेवला. यंत्र म्हणालं, ओळख पटत नाही.

नसीमचा चेहरा उतरला. तिनं दोन वेळा तपासलं. घासलेला हात म्हणजे मोकळी जागा, तिनं समजावलं. सकाळपासून जो भेटला तो तिथं वस्तीला आला. या हातावर आता निम्मा जिल्हा आहे आणि त्यातलं काय स्वानंदीच्या अंगाला सोसेल, काय नाही, ते सांगता येत नाही. पत्र स्वच्छ आहे, पिवळी देते. हिरवी देता येणार नाही.

"दे की पिवळी," सुचेता म्हणाली. आवाजात काही नव्हतं. "मी खुर्चीवर बसते. दोन वर्षं जवळ होतेच की मी. आज पद्मजा हाय तिच्याजवळ." तिनं मनगट पुढं केलं.

पद्मजाच्या मनगटाला हिरवी पट्टी बांधून झाली होती. तीन आठवड्यांपूर्वी हे घडलं असतं तर आपल्याला बरं वाटलं असतं, हे तिला आठवलं आणि तिची तिलाच लाज वाटली. तिनं सुचेताचं पुढं केलेलं मनगट खाली केलं.

"हात शिकतो म्हणालात ना, नसीमताई? किती वेळात?"

नसीमनं विचार केला. घरात राहून शिकायला आठवडे लागतात. पण आत्याबाईंचा हात औषधाच्या पाण्यानं पुन्हा कोरा करता येईल, आणि कोऱ्या हातावर जो पहिला येतो तो झपाट्यानं पसरतो. ओळखीच्या हातानं मुहूर्तापर्यंत घट्ट धरून ठेवला, तर जमेलही. स्वानंदीला यात ओढायचं नाही, सौमित्रचे विधी सुरू झालेत, म्हणजे उरलात तुम्ही. "पण मॅडम, देणंघेणं दोन्ही बाजूंनी होतं. त्यांच्या हातावर काही राहिलं असेल, तर ते तुमच्याकडे येईल. तुमचा हिरवा जाऊ शकतो. मग कन्यादानही नाही. नियम मी मोडणार नाही, तुम्हीच सांगितलंय."

"मोडूच नका," पद्मजा म्हणाली.

सुचेता नको नको म्हणत होती. वेड लागलंय का, तुझी एकच लेक आहे, मी कुठं पळून चाललेय, असं बरंच काही. पद्मजानं वर्गात वापरायचा आवाज काढला, "ताई, बसा." सुचेता बसली. अंगणातल्या कडुलिंबाखाली दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या होत्या. नसीमनं सुचेताचे हात कोरे केले, आणि पद्मजानं आपले दोन्ही तळवे तिच्या तळव्यांवर ठेवून बोटांत बोटं अडकवली.

लग्नघरात नवरीची आई खुर्चीत बसून नणंदेचे हात धरून बसली आहे, हे दृश्य मिरजेनं पहिल्यांदाच पाहिलं असेल. आचारी विचारायला आला की भात कधी लावू. पद्मजानं मानेनंच सांगितलं. गुरुजी दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेले. विट्याच्या पाहुण्यांत तर कुजबुज सुरू झाली की एकीला चक्कर आली आहे, पण कुठलीला ते कळत नाही. सौमित्रची आई चहा घेऊन आली आणि दोघींचे हात अडकलेले पाहून तिनं बशीत ओतून आळीपाळीनं दोघींना पाजला. ऊन वाढलं, तळव्यांना घाम सुटला. घाम चांगला, नसीम लांबूनच म्हणाली.

मग सुचेतानं भावाच्या, म्हणजे पद्मजाच्या नवऱ्याच्या लहानपणच्या गोष्टी काढल्या, ज्या पद्मजानं कधी ऐकल्या नव्हत्या. पद्मजानं विचारलं की ऑपरेशननंतरच्या दिवसांत स्वानंदी काय खायची, काय बोलायची, रात्री उठायची का. दोन वर्षांत हे विचारायचं राहून गेलं होतं. सुचेता एकेक सांगत गेली. वरच्या मजल्याच्या खिडकीतून मुंडावळ्या बांधलेली स्वानंदी खाली बघत होती. पद्मजानं वर पाहिलं तेव्हा ती आत वळली, कारण मेकअपवालीनं डोळे पुसायची बंदी केली होती.

वाजंत्री जोरात सुरू झाली तशी नसीमनं हाक मारली. आधी पद्मजानं हात ठेवला. यंत्रानं नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. पद्मजा पडद्याकडे बघू शकली नाही. ती नसीमच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. नसीमनं श्वास सोडला. हिरवा होता. फिका, पण हिरवा.

मग सुचेतानं हात ठेवला. पडदा हिरवा झाला, आणि नसीम कोड्यात पडल्यासारखी पडद्याकडे वाकली. स्वानंदीच्या सहवासातला हात, यात शंका नव्हती. स्टेजवर जायला हरकत नव्हती. पण नावाच्या जागी यंत्रानं भलतंच नाव दाखवलं होतं.

"हे म्हणतंय, या पद्मजा चौगुले," नसीम म्हणाली. "नवरीची आई."

"बरोबर वाचलंय त्यानं," पद्मजा म्हणाली. "तिची आईच आहेत त्या. बांधा पट्टी."

सुचेतानं मनगट पुढं केलं. नसीमनं तिच्या मनगटाला हिरवी पट्टी बांधली. आतून गुरुजींनी अंतरपाट धरल्याची हाक दिली, तशा दोघी लगबगीनं स्टेजकडे निघाल्या, आणि धरलेला हात सोडायचं दोघींच्याही लक्षात राहिलं नाही.